थेंबाच्या मागोमाग: इंटरनेटवरच्या नवलाच्या गोष्टी कशा शोधाव्यात, पारखाव्यात आणि जपाव्यात

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात काचेच्या एका नरसाळ्यात डांबर भरून ठेवलं आहे. थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली ते तापवून ओतलं, तीन वर्षं निवांत बसू दिलं आणि १९३० साली नरसाळ्याची नळी कापून तोंड मोकळं केलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. हातोडीने फोडलं तर काचेसारखे तुकडे होणारं हे डांबर प्रत्यक्षात द्रव आहे, फक्त वाहायला पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट नाखूष.

मला ही गोष्ट पहिल्यांदा दिसली ती एका फोटोखालच्या एकाच ओळीत: 'जगातला सर्वांत संथ प्रयोग'. अशा ओळी दिवसाला पन्नास दिसतात. आपण 'वा!' म्हणतो, बोट वर सरकवतो आणि संध्याकाळी त्यातली एकही आठवत नाही. त्या दिवशी मात्र मी थांबून विद्यापीठाचं मूळ पान उघडलं. तिथे जॉन मेनस्टोन भेटले. १९६१ पासून त्यांनी हा प्रयोग सांभाळला. १९८८ साली सातवा थेंब पडला, त्या काही मिनिटांसाठी ते नेमके काहीतरी प्यायला बाहेर गेले होते. २००० साली आठव्या थेंबासाठी कॅमेरा लावला होता, तो ऐनवेळी बंद पडला. ऑगस्ट २०१३ मध्ये ते वारले आणि एप्रिल २०१४ मध्ये नववा थेंब सुटला. पन्नासहून अधिक वर्षं राखण करूनही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही.

ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. फोटोखालच्या त्या ओळीत यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून माझा अनुभव असा आहे की एखाद्या नवलाच्या गोष्टीचा उगम शोधायला गेलं, की वाटेत त्या गोष्टीपेक्षा मोठं काहीतरी हाती लागतं. खाली लिहिलेली पद्धत त्याच अनुभवातून हळूहळू बसत गेली. तिला महागडं साधन लागत नाही. आठवड्यातून एक-दोन निवांत तास आणि एक वही पुरे.

पायरी १: प्रश्न घेऊन बसा

समाजमाध्यमांचा प्रवाह आपल्याला आधी आवडलेल्या गोष्टींसारख्याच गोष्टी पुढे करतो. त्यामुळे तिथे मन रमतं, पण अनोळखी काही सापडणं अवघड होतं. म्हणून बसण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा. तो छोटा आणि नेमका असावा. 'अवकाशाबद्दल काहीतरी' याला प्रश्न म्हणता येत नाही. 'इंटरनेटवरचा पहिला कॅमेरा कशावर रोखलेला होता?' हा प्रश्न झाला.

हाच प्रश्न घेऊन निघालात तर केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या भांड्यापाशी पोचाल. १९९१ साली तिथल्या संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिने चढउतार करून गेल्यावर भांडं रिकामं सापडायचं. १९९३ साली ते चित्र वेबवर आलं, जगभरातून लोक ते पाहू लागले आणि ऑगस्ट २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. इथून पुढे प्रश्न आपोआप फुटतात. इतक्या लोकांना एका अनोळखी भांड्याकडे का पाहावंसं वाटलं असेल? आज कुणाच्या तरी खिडकीतून किंवा पक्ष्याच्या घरट्यावर रोखलेली थेट दृश्यं तासन्‌तास पाहणारे लोक त्याच ओढीने पाहत असतील का?

प्रश्न सुचत नसेल तर नुकत्याच वाचलेल्या कुठल्याही वाक्यातल्या एका नामावर बोट ठेवा आणि विचारा: हे पहिल्यांदा कुणी केलं, आणि कशासाठी?

पायरी २: जिथे गर्दी कमी आणि साठा मोठा, तिथे जा

नवलाच्या गोष्टींच्या तयार याद्या सगळीकडे मिळतात, पण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. तीच दहा चित्रं, तीच दहा कोडी. त्यापेक्षा संग्रहांत शिरा. बरेचसे मोफत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ वस्तूंकडे वर्षानुवर्षं कुणी वळून पाहिलेलं नसतं.

संग्रहालयांपासून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली सुमारे ३ लाख ७५ हजार चित्रं कुणालाही कशीही वापरायला खुली केली. स्मिथसोनियन संस्थेने २०२० साली २८ लाख चित्रं खुली केली. इथे शोधताना प्रसिद्ध कलाकाराचं नाव टाकू नका. 'कुलूप', 'खेळणं', 'चमचा', 'मांजर' असे रोजचे शब्द इंग्रजीत टाका आणि निकाल काळानुसार लावून बघा. एकाच वस्तूची दोन हजार वर्षं डोळ्यांसमोरून जातात.

जुन्या नोंदींचे साठे त्याहून ओढ लावणारे असतात. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या सुमारे १ लाख ९७ हजार खटल्यांचे वृत्तांत शब्दनिहाय शोधता येतात. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीतून साध्या माणसांचं घर दिसतं: किती वाट्या, किती सदरे, कुठलं घड्याळ. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचं नाव कधी येणार नाही अशी माणसं इथे स्वतःच्या तोंडाने बोलतात. पहिल्यांदा गेलात तर एकच खटला अथपासून इतिपर्यंत वाचा. चाळत राहिलात तर हाती काही लागणार नाही.

आकड्यांची आवड असेल तर पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन विश्वकोश उघडा. नील स्लोन यांनी विद्यार्थिदशेत, १९६४ साली, संख्यांच्या मालिका गोळा करायला सुरुवात केली. १९९६ साली तो संग्रह वेबवर आला आणि आता त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. मनाला येतील त्या चार-पाच संख्या टाकून बघा. बहुतेक वेळा कुणीतरी त्या मालिकेचा विचार आधीच केलेला असतो आणि तो का केला हेही तिथे लिहिलेलं असतं.

पक्ष्यांच्या आवाजांसाठी झेनो-कँटो आहे, वाऱ्याचे प्रवाह हलत्या नकाशावर दाखवणारं अर्थ नलस्कूल आहे, पृथ्वीगोल फिरवत कुठल्याही गावचं रेडिओ केंद्र ऐकवणारं रेडिओ गार्डन आहे. १६ जून १९९५ पासून रोज एक अवकाशचित्र आणि त्याखाली खगोलज्ञाची टीप देणारं नासाचं पानही आहे. यांबद्दल मी जास्त सांगत नाही, उघडलं की कळतं.

विकिपीडियाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. आपण तिथे लेख वाचतो आणि परततो. पण प्रत्येक लेखामागे आणखी तीन दालनं असतात. एक 'चर्चा', जिथे लेखातल्या वाक्यांवरून संपादक वाद घालतात. दुसरं 'इतिहास', जिथे प्रत्येक बदल कधी झाला ते दिसतं. आणि तिसरं, या लेखाकडे कुठकुठल्या लेखांतून दुवे येतात त्यांची यादी. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तिसरी. एखाद्या अनोळखी विषयाकडे बोट दाखवणारे लेख पाहिले की त्याचे कधी न सुचलेले नातेवाईक दिसू लागतात.

पायरी ३: शोधयंत्राला नीट विचारा

शोधयंत्रात पूर्ण वाक्य टाकलं की सर्वांत लोकप्रिय उत्तर मिळतं. उगम हवा असेल तर काही खुणा वापराव्या लागतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह लावा. एकाच संकेतस्थळात शोधायचं असेल तर इंग्रजीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून अपूर्णविराम, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं, आणि पुढे त्या स्थळाचा पत्ता. त्याच रीतीने 'फाइलटाइप' आणि 'पीडीएफ' असं जोडलं तर अहवाल, प्रबंध, जुनी माहितीपत्रकं वर येतात. गूगलमध्ये 'बिफोर' आणि 'आफ्टर' या शब्दांपुढे अपूर्णविराम देऊन वर्ष लिहिलं तर निकाल त्या काळापुरते गाळले जातात.

ही शेवटची खूण मी सर्वांत जास्त वापरतो. एखादी गोष्ट आज सगळीकडे असेल तर ती दहा वर्षांपूर्वी कुठे होती, हे 'बिफोर' लावून पाहतो. कधीकधी ती कुठेच नव्हती असं दिसतं, आणि तिथून पुढची पायरी सुरू होते. पानावरच्या तारखा कधीकधी चुकीच्या नोंदलेल्या असतात, म्हणून हा निकाल इशारा म्हणून घ्यावा, पुरावा म्हणून नव्हे.

भाषा बदलणं हीसुद्धा एक युक्ती आहे. घटना ज्या देशातली, त्या देशाच्या भाषेत दोन शब्द टाका. अनुवादाची सोय आता ब्राउझरमध्येच असते. मूळ बातमी बहुधा तिथल्या वृत्तपत्रात असते आणि इंग्रजीत येईपर्यंत तिच्यातले अर्धे तपशील गळालेले असतात.

पायरी ४: उगमापर्यंत जा

इथे घाई करू नका.

आधी थांबायचं. गोष्ट वाचून राग, थरार किंवा 'मला वाटलंच होतं' असं समाधान वाटलं, तर ते थांबण्याचं पहिलं कारण. 'सर्वांत', 'पहिला', 'एकमेव' हे शब्द दिसले तर दुसरं. डांबराचा प्रयोग अनेकदा 'सर्वांत जुना चालू प्रयोग' म्हणून सांगितला जातो, पण ऑक्सफर्डमध्ये एक विजेची घंटा १८४० पासून त्याच कोरड्या विद्युतघटांवर वाजते आहे. 'सर्वांत' या एका शब्दावर शंका घेतली म्हणून मला ती घंटा सापडली.

मग ते पान सोडून बाहेर या. त्याच पानावर 'आमच्याविषयी' वाचत बसू नका. नवा टॅब उघडून इतर लोक त्या स्थळाबद्दल आणि त्या दाव्याबद्दल काय म्हणतात ते बघा. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना असं आढळलं की अनुभवी तथ्य-तपासनीस नेमकं हेच करतात. इतिहासाचे प्राध्यापक आणि हुशार विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहतात आणि देखण्या मांडणीला फसतात. तपासनीस मिनिटाभरात बाहेर पडतात आणि आजूबाजूला विचारपूस करतात.

त्यानंतर प्रवाहाच्या उलट पोहायचं. लेख बातमीचा हवाला देतो, बातमी प्रसिद्धिपत्रकाचा, प्रसिद्धिपत्रक शोधनिबंधाचा. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा: हे तुला कुणी सांगितलं?

या प्रश्नाने काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण पालक या भाजीचं आहे. एकोणिसाव्या शतकात पालकातलं लोह मोजताना दशांशचिन्ह चुकलं, आकडा दहापट फुगला आणि म्हणून पालक पौष्टिक समजला जाऊ लागला, अशी गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. चुकीच्या माहितीपासून सावध करायला हीच गोष्ट सांगतात. तिचा माग काढत गेलं की १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या डॉ. हँब्लिन यांच्या खुसखुशीत लेखापाशी पोचतो. त्या लेखात या गोष्टीला संदर्भच दिलेला नव्हता. २०१० च्या सुमारास माइक सटन या अभ्यासकाने खोलात जाऊन शोध घेतला तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीचा काहीच पुरावा सापडला नाही. हँब्लिन यांनाही आपण ती कुठे वाचली ते आठवेना. पुढे २०१४ साली उले ब्यॉर्न रेकडाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने विद्वान लोक मूळ न उघडता एकमेकांचे संदर्भ कसे उचलतात, हे दाखवायला हीच साखळी वापरली. म्हणजे चुकांपासून सावध करणारी कथाच चूक निघाली, आणि ती पसरवणारे सगळे तपासण्याचं महत्त्व सांगत होते. पालकातल्या लोहापेक्षा हा शोध मला कितीतरी पटीने मोठा वाटतो.

दुसरा सापळा गोल फिरणाऱ्या संदर्भांचा. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात त्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात, असं मनाने लिहून टाकलं. आर्डवार्क आफ्रिकेत राहतो, कोआटीशी त्याचं काही नातं नाही. पण ते नाव वृत्तपत्रांत गेलं, विद्यापीठांनी छापलेल्या पुस्तकांतही गेलं. मग त्याच छापील मजकुराचा हवाला विकिपीडियावर पुरावा म्हणून जोडला गेला. २०१४ मध्ये हा प्रकार उघड झाला. म्हणून एखादं विधान तपासताना 'इतिहास' दालनात जाऊन ते लेखात कधी आलं हे पाहा आणि त्याचा दाखला त्याआधीचा आहे की नंतरचा, एवढी एक तुलना करा. दाखला नंतरचाच असेल तर तो ते वाक्य वाचूनच लिहिला गेला असण्याची शक्यता धरून चाला.

उगम गाठला की तिथेच थांबू नका, नंतर काय झालं तेही बघा. २००८ साली जर्मन आणि चेक संशोधकांनी गूगल अर्थच्या चित्रांवरून ३०८ ठिकाणच्या ८,५१० गुरांची दिशा मोजली आणि गुरं साधारण उत्तर-दक्षिण उभी राहतात असा निबंध मांडला. हा निबंध खरा आहे, प्रतिष्ठित नियतकालिकात छापलेला आहे आणि आजही 'गाईंना होकायंत्र असतं' अशा मथळ्याने फिरतो. पण २०११ साली दुसऱ्या एका चेक गटाने तीच पद्धत वापरून पाहिली तेव्हा त्यांना असा कल दिसला नाही. पहिल्या गटाने उत्तर दिलं की दुसऱ्यांनी वापरलेली बरीच चित्रं अस्पष्ट किंवा उच्चदाबाच्या तारांजवळची होती. हा वाद कळल्यावर गोष्ट फिकी पडते का? मला तर उलट वाटतं. घरबसल्या कुणीही गुरं मोजू शकतो आणि तरी दोन प्रामाणिक गटांची उत्तरं जुळत नाहीत, यात विचार करण्यासारखं खूप आहे.

गूढ गोष्टींच्या बाबतीत तर 'नंतर काय झालं' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९९७ साली प्रशांत महासागरात अमेरिकेच्या सागरी संस्थेच्या पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी एक प्रचंड आवाज टिपला. त्याला 'ब्लूप' नाव पडलं आणि अजस्र प्राण्याच्या कहाण्या सुरू झाल्या. पुढे बर्फाला तडे जाण्याच्या आवाजांशी तो जुळतो असं त्याच संस्थेने सांगितलं. प्राण्याच्या कहाण्या मात्र अजून फिरतात. याउलट येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं व्हॉयनिच हस्तलिखित. त्याचं चर्मपत्र कार्बन-चाचणीने १४०४ ते १४३८ या काळातलं ठरलं, सगळी पानं ऑनलाइन पाहता येतात, पण लिपी अजून वाचता आलेली नाही. दर थोड्या वर्षांनी 'उलगडलं!' अशी बातमी येते. ती आली की पंधरा दिवस थांबा आणि मध्ययुगीन भाषांचे अभ्यासक काय म्हणतात ते शोधा.

पायरी ५: चित्र असेल तर त्याचा पूर्ण भाग शोधा

चित्र टाकून ते आणखी कुठे आहे हे शोधण्यासाठी टिनआय आणि गूगल लेन्स या दोन्ही सोयी वापरा, कारण दोघींचे निकाल वेगळे असतात. टिनआयमध्ये निकाल जुन्यापासून लावता येतात, त्यामुळे चित्र पहिल्यांदा कुठे दिसलं याचा अंदाज येतो. सर्वांत मोठ्या आकाराची प्रतही शोधा, कारण मोठी प्रत मूळच्या जवळची असते आणि तिच्या कडा बहुधा शाबूत असतात.

कडांना इतकं महत्त्व का, ते स्कॉटलंडमधल्या लॉख नेस या तळ्याच्या फोटोवरून कळतं. १९३४ साली छापलेला, पाण्यातून लांब मान वर काढलेल्या प्राण्याचा तो फोटो जगभर गाजला. आपण पाहतो ती त्याची कापलेली आवृत्ती आहे. न कापलेल्या फोटोत भोवतीचं पाणी आणि पलीकडचा काठ दिसतो आणि ती मान किती लहान आहे हे लगेच लक्षात येतं. १९९४ साली जाहीर झालेल्या कबुलीनुसार ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती. साठ वर्षांचं गूढ फोटोच्या कडांमध्ये दडलेलं होतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबाबत बोटं मोजणं, सावल्या तपासणं यावर मी आता भर देत नाही, कारण साधनं सुधारत जातात. चित्र कुणी काढलं, कुठे, कधी, याचं उत्तर देणारा माणूस किंवा संस्था सापडत नसेल, तर ते चित्र मी वहीत घेत नाही.

पायरी ६: स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवा

बुकमार्क आणि स्क्रीनशॉट यांत गोष्टी साठतात आणि तिथेच राहतात. टिपण चार-पाच ओळींचं असावं: काय सापडलं, कुणी सांगितलं, मी ते कुठपर्यंत तपासलं, कुठला प्रश्न उरला. मजकूर उतरवून घेऊ नका. पान बंद करून आठवणीतून लिहा आणि मग ताडून बघा. जिथे अडखळाल तिथे आपल्याला नीट कळलेलं नाही, हे तिथल्या तिथे समजतं.

अनुक्रमणिकेसाठी मी जॉन लॉक या तत्त्वज्ञाची युक्ती वापरतो. १६८६ साली त्यांनी फ्रेंचमध्ये छापलेल्या पद्धतीत विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून नोंदीची जागा ठरते. इंग्रजीत त्यासाठी तक्ता आखावा लागतो. मराठीत आपल्याकडे बाराखडी तयारच आहे: 'पालक' गेला 'पा'मध्ये, 'गुरं' गेली 'गु'मध्ये. वहीची शेवटची चार पानं बाराखडीसाठी राखा आणि प्रत्येक नोंदीचा पानक्रमांक तिथे टाकत जा. वर्षभरानंतर 'डां' उघडलं की डांबराशेजारी काय येऊन बसलं आहे हे पाहण्यात वेगळाच आनंद असतो.

दोन नोंदी जोडणाऱ्या वाटाही लिहून ठेवा. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ साली 'मेमेक्स' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. त्यात वाचक एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे गेलेली स्वतःची वाट साठवून ठेवू शकणार होता आणि ती दुसऱ्याला देऊ शकणार होता. ते यंत्र कधी बनलं नाही. पण वहीत 'पालक, पा. १२ वरून कोआटी, पा. ३१ कडे' असं लिहिलं की तेच काम होतं.

पायरी ७: पान मरण्याआधी त्याची प्रत ठेवा

वेबवरची पानं कल्पनेपेक्षा लवकर नाहीशी होतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केली. तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांसाठी खुलं आहे. मेलेल्या पानाचा पत्ता तिथे टाकला की वर्षांची पट्टी आणि दिनदर्शिका दिसते. प्रत उपलब्ध असलेल्या तारखांवर रंगीत ठिपके असतात. हे बहुतेकांना माहीत असतं. तिथेच आज जिवंत असलेलं पान जतन करण्याचीही सोय आहे, ती मात्र फार थोडे वापरतात. टिपण लिहून झालं की पत्ता त्या चौकटीत टाका, प्रत तयार होऊ द्या आणि वहीत मूळ दुव्याबरोबर प्रतीचा दुवाही लिहा. लहान, एकट्या माणसाने चालवलेल्या पानांसाठी हे आधी करा. विद्यापीठाचं पान टिकण्याची शक्यता बरी असते; कुणी हौसेने तीस वर्षं जमवलेल्या बटणांच्या संग्रहाचं पान त्याच्या मालकाबरोबर जातं.

पायरी ८: पुढे देताना पाटी कोरी करू नका

गोष्ट मित्राला पाठवताना तीन ओळी सोबत जाऊ द्या: ती कुठून आली, आपण काय तपासलं, काय अजून कळलेलं नाही. नुसतं चित्र किंवा नुसता मथळा पाठवला की उगमाचा धागा आपल्या हातून तुटतो आणि पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्याने मूळ काम केलं त्याचं नाव लिहा, आणि ज्याने तुम्हाला दाखवलं त्याचंही.

आणि उरलेला प्रश्न जरूर पाठवा. डच शिक्षिका हॅनी फान आर्केल २००७ साली 'गॅलक्सी झू' या प्रकल्पात दीर्घिकांची चित्रं वर्गवारीत लावत होत्या. जवळपास ९ लाख दीर्घिका होत्या आणि सामान्य लोकांनी त्या डोळ्यांनी पाहून ओळखायच्या होत्या. एका दीर्घिकेजवळ त्यांना विचित्र ठिगळ दिसलं. ते त्यांच्याही नजरेतून सहज निसटू शकलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की हे काय आहे? खगोलज्ञांनाही सांगता येईना. पुढे कळलं की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रारणाने तो उजळला आहे. ते केंद्र आता मंदावलं आहे, पण त्याचा उजेड अजून ढगावर दिसतो. त्या ढगाला आज 'हॅनीज फोरवेर्प' म्हणजे हॅनीची वस्तू म्हणतात.

पायरी ९: दर तीन महिन्यांनी जुन्या प्रश्नांकडे परत जा

वहीतल्या उरलेल्या प्रश्नांची एक वेगळी यादी करा आणि ठरवून तिच्याकडे परता. कुठला प्रश्न सुटला, कुठला चुकीचा विचारला होता, कुठला अजून तसाच आहे, ते लिहा. माझ्या यादीतले निम्म्याहून जास्त प्रश्न वर्षभरात बदलतात, कारण मधल्या काळात मी दुसरंच काही वाचलेलं असतं.

यादीतली पहिली ओळ मात्र बदललेली नाही: क्वीन्सलँडमधला थेंब पडताना कुणी पाहिला का? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये १९४४ पासून असाच एक डांबराचा प्रयोग ठेवला आहे आणि तिथला थेंब पडताना जुलै २०१३ मध्ये कॅमेऱ्याने प्रथमच टिपला. मेनस्टोन जाण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. क्वीन्सलँडच्या नरसाळ्यातला थेंब पडताना कुणीही पाहिल्याची नोंद मला सापडलेली नाही. तिथे दहावा थेंब धरू लागला आहे आणि कॅमेरा थेट चालू असतो. दर तीन महिन्यांनी मी ते पान उघडतो, थेंबाखालची जागा बघतो आणि वहीत तारीख टाकतो.